आत न आलेली मुलगी

सरस्वतीबाई: आलीच नाही म्हणजे? ती काय समोर, झाडाखाली उभी आहे. पिवळी बाटली गळ्यात. माझी नात आहे हो ती. सकाळी ह्याच गेटवर मीच सोडून गेले.

मेघाश्री: आजी, मलाही दिसतेय. पण सिस्टिममध्ये कावेरी आज अ‍ॅब्सेंट आहे. जी मुलगी आत आलीच नाही, तिला बाहेर कशी सोडणार मी?

सरस्वतीबाई: अय्यो! तुम्ही मराठी बोलता म्हणून मला बरं वाटलं होतं, मिस.

मेघाश्री: मी पुण्याची, आजी. इथे सेफ्टी को-ऑर्डिनेटर आहे. तुमच्या नातीच्याच सेफ्टीसाठी चाललंय हे सगळं.

सरस्वतीबाई: सरी, बरं. मग माझा चेहरा घ्या तुमच्या मशीनमध्ये. सुनेनं मोबाइलवर घातलाय म्हणे.

मेघाश्री: घेतला ना. तुम्ही ग्रीन आहात. 'अधिकृत पालक' असं आलंय तुमचं.

सरस्वतीबाई: झालं तर! द्या पोरगी.

मेघाश्री: तुम्ही अधिकृत आहात हो, पण तुम्हाला द्यायला मूल नाहीये. नागोजी, सकाळी गेटवर तुम्हीच होता ना? ही आत आली कशी?

नागोजी: चालत आली, मॅडम.

मेघाश्री: नागोजी!

नागोजी: आता काय सांगू? मशीनसमोर पाच बारी उभी केली. दर बारी लाल दिवा. मागं गेटापासून रस्त्यापर्यंत रांग. त्यात ढोलवाल्यांचा टेम्पो आला. तुमीच वॉकीटॉकीवर वरडला की, वेलकम सुरू व्हायचाय, रांग हलवा म्हणून. मी म्हटलं, जा बाळ आत.

मेघाश्री: आणि ढोलवाले?

नागोजी: ते गेले की. चौदाजण. त्यांना चेहरा लागत नाही, त्यांच्याकडे पास हाय.

सरस्वतीबाई: पण लाल का आला? फोटो तर हिच्या बापानं चांगला काढला होता. दोन वेण्या घालून.

मेघाश्री: आजी, फोटोत गालावर हे काळं नव्हतं. कपाळावरही नव्हतं. हनुवटीवर तर नव्हतंच. काय आहे ते?

सरस्वतीबाई: दृष्टीबोट्टू! तीट हो. पुण्यात लावत नाहीत?

मेघाश्री: लावतात. पण तिळाएवढी, आणि एक!

सरस्वतीबाई: आमच्या घराजवळच्या, इथल्या शिवाजीनगरच्या जुन्या शाळेत एकच लावायचे मी. तिथे ओळखीची माणसं. ही बेळ्ळंदूरची एवढी मोठी शाळा, एवढ्या लोकांची नजर, म्हणून स्वल्प मोठी लावली. तिचं रक्षण व्हावं म्हणूनच ना?

मेघाश्री: तुमच्या रक्षणामुळे आमचं रक्षण बंद पडलं, आजी.

सरस्वतीबाई: पुसते मी. पदर आहे. बोलवा तिला इकडे.

मेघाश्री: आता पुसून काय उपयोग? एंट्री साडेआठला लॉक होते. आता एकच मार्ग आहे. तिने बाहेर यायचं, मी स्पेशल एंट्री उघडते, तिने चेहरा दाखवून आत जायचं आणि मग रीतसर बाहेर यायचं.

सरस्वतीबाई: मग येऊ द्या बाहेर!

मेघाश्री: बाहेर कशी येणार? ती आत नाहीये.

नागोजी: आजी, तुमी बसा जरा. ही खुर्ची घ्या. मॅडम, तासभर हेच चाललंय. पोरगी कवाची उभी हाय.

मेघाश्री: तुम्ही बोलूच नका. ग्रीन नसताना आत सोडलंत, मला मेमो द्यावा लागणार आहे तुम्हाला. आणि आजी, नऊ वाजताच मेसेज गेलाय आईला. 'आपला पाल्य शाळेत पोहोचलेला नाही.' त्यांनी फोन का नाही केला?

सरस्वतीबाई: मघाशी मीच तिला ऑफिसात फोन केला होता. म्हणाली, सकाळपासून शाळेचे सदतीस मेसेज आलेत. आपल्या कुटुंबाचं स्वागत आहे, कुटुंबासोबत सेल्फी काढा, कुटुंबाचा सेल्फी पाठवा. त्यात तुमचा तो एकच कामाचा होता, तोही खोटा.

मेघाश्री: खोटा नाही, आजी. सिस्टिमप्रमाणे करेक्ट होता. तुम्ही उगाच घाबरताय. सेफ्टीमध्ये आमचा हात कुणी धरणार नाही. आज पहिल्याच दिवशी, शाळा सुटायच्या आधी, आम्ही फायर ड्रिल घेतलं. बेल झाल्यापासून चार मिनिटांत सगळी मुलं ग्राउंडवर. शंभर टक्के! प्रिन्सिपल सरांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या.

सरस्वतीबाई: कावेरीसुद्धा?

मेघाश्री: सगळी म्हणजे सगळी. दुसरी 'ब', हे बघा टॅबवर. सत्तावीसपैकी सत्तावीस.

नागोजी: अठ्ठावीस, मॅडम.

मेघाश्री: काय?

नागोजी: दुसरी 'ब'मधी अठ्ठावीस पोरं हायत.

मेघाश्री: एक अ‍ॅब्सेंट होती ना, म्हणून...

सरस्वतीबाई: मिस. माझी नात कुठे होती तेव्हा?

मेघाश्री: एक मिनिट. टीचरने टॅबवरून नावं घेतली असणार. नवीन आहे ती, तिला अजून चेहरे माहीत नाहीत... नागोजी, तुम्हाला काय माहीत आहे?

नागोजी: मला ठावं नव्हतं हो काय झालंय ते. टाळ्या वाजल्या, ढोल वाजला. मी म्हटलं, वरचे पंखे बंद करून येऊ, म्हणून तिसऱ्या मजल्यावर गेलो. वर्गात ही एकटी. पाठीवर दप्तर, हातात बाटली, बाकाजवळ सरळ उभी. बेल आपली वाजतच होती.

सरस्वतीबाई: रडत होती?

नागोजी: न्हाई. तेच तर. मी म्हटलं, बाळ, समदी खाली गेली, तू का गेली न्हाईस? तर म्हणाली, टीचर म्हणाल्यात, ज्याचं नाव घेईन त्यानंच लाईनीत यायचं. माझं नाव अजून यायचंय.

सरस्वतीबाई: देवा...

नागोजी: हात धरून खाली आणली. मॅडमना सांगावं म्हटलं, पण तुमी फोटोत होता. मग झाडाखाली उभी केली. माझ्या पोस्टावरून दिसते तिथं.

मेघाश्री: मला... मला कुणी सांगितलंच नाही.

सरस्वतीबाई: खरी आग असती तर? सांगा ना, मिस. खरी आग असती तर संध्याकाळी मला काय सांगितलं असतं तुम्ही? की ती आलीच नव्हती?

(मेघाश्री टॅब बंद करते.)

मेघाश्री: नागोजी, गेट उघडा.

नागोजी: आणि मशीनमधी काय लिहायचं?

मेघाश्री: उघडा हो तुम्ही! मी बघते काय लिहायचं ते.

नागोजी: उघडलं. आजी, मारा हाक तिला.

सरस्वतीबाई: मी नाही. माझ्या हाकेला ती घरी येतेच. मिस, तुम्ही घ्या तिचं नाव.

मेघाश्री: कावेरी... कावेरी, ये बाळा.