तळपायाले कांदा

(अकोला. वैशाखातली भर दुपार. जमुनाबाईंच्या खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घरघरतो आहे. अमरावतीची वकील प्रणाली त्यांचं शपथपत्र लिहून घेते आहे.)

प्रणाली – काकू? डोळा लागला का?

जमुना – नाई व. बोल तू. कूलरचं पानी अंगावर उडते ना, मंग डोये मिटतेत आपोआप. अन् मिटले का थे दिसतेत.

प्रणाली – किसनकाका?

जमुना – हो. सिपन्यात पाय सोडून बसले रायतेत. लगनानंतर आमी धारनीकडं रस्त्याच्या कामावर होतो, तठीची नदी. मले म्हनतेत, ये ना जमुने, पानी थंडगार हाये. मी जाले उठली का डोये उघडतेत. मंग हीच खोली.

प्रणाली – बोलतात अजून काही?

जमुना – नाई. पहिल्यापासूनच कमी बोलाचे. तू लिही, कुठलोक आलो आपन?

प्रणाली – "गेल्या मे महिन्यात रस्त्याच्या कामावर असताना माझे पती किसनराव भर दुपारी कोसळले." पुढे?

जमुना – पुढं दवाखाना. तठी गेले थे. झालं.

प्रणाली – झालं कसं? गाडी यायला तासभर लागला, असं तुमच्या गँगमधला अनुप सांगतो. त्या तासात काय झालं?

जमुना – ही केस कोनावर हाये व?

प्रणाली – विषय बदलू नका. सरकारवर.

जमुना – अन् ऊन काय सरकारनं पाडलं?

प्रणाली – ऊन नाही पाडलं. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे कडुनिंब तोडायला परवानगी त्यांचीच. ऊन वर्षागणिक वाढत चाललंय, हेही त्यांना ठाऊक आहे. अंगणवाडीपर्यंत पत्रकं येतात, बारा ते चार बाहेर पडू नका म्हणून. आणि त्याच बारा ते चारमध्ये सरकारी रस्त्यावर माणसं डांबर टाकतात.

जमुना – मुकादम म्हने, डांबर उन्हातच बसते चांगलं.

प्रणाली – डांबर बसतं, माणूस पडतो. काकू, घटनेत एकविसावं कलम आहे, जगण्याच्या हक्काचं. हवामान बिघडल्याचे चटके बसू नयेत, हाही माणसाचा हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टानं म्हटलंय. आता चटका बसलेल्यानं पुढं होऊन सांगायला पाहिजे.

जमुना – तुले सारं तोंडपाठ हाये.

प्रणाली – बार्शीटाकळीच्या माझ्या आजीला सही येत नव्हती, पण हे कलम येत होतं. तिच्या भाषेत. मला थोपटताना म्हणायची.

जमुना – पोरीले झोपवाले कायदा! म्हन बरं.

प्रणाली – आत्ता? "कायद्याबिगर कोनाचा जीव घ्याचा नाई, कोनाले कोंडाचं नाई. झोप माय."

जमुना – गोड हाये. अजून एकडाव म्हन.

प्रणाली – मग तुम्ही खरंच झोपाल. अडचण ऐका आधी. दवाखान्याच्या कागदावर हृदय बंद पडलं, इतकंच आहे. उन्हाचं नावसुद्धा नाही. समोरचा वकील पहिला हाच कागद पुढे करेल. मग तुमच्या तोंडचा तो तासच काय तो आपल्या हातात.

जमुना – थो तास नको इचारू.

प्रणाली – काहून?

जमुना – आता आली व तू बार्शीटाकळीच्या बोलीवर! कोर्ट हासन, म्हनून.

प्रणाली – हसू दे. मी आहे ना.

जमुना – कांदा चोळला मी. तळपायाले. अनुपनं डब्यातला कांदा फोडला, बायाईनं पदर धरून सावली केली, अन् मी चोळतच बसली. दवाखान्यात तठीची एक बाई म्हने, पायाले वास काहाचा येऊन राहिला? साऱ्याईच्या समोर बोलली मले. कांदे चोळत बसा म्हने, मानसं मरू द्या. आता हेच कोर्टात सांगू? उन्हानं नाई, या अडानी बाईनं मारला म्हनतीन.

प्रणाली – काकू, आपल्याकडे कांदा कधी चोळतात?

जमुना – ऊन लागल्यावर. सारं वऱ्हाड चोळते.

प्रणाली – आणि हार्ट अटॅक आला तर?

जमुना – त्याले काहाले चोळन कोनी?

प्रणाली – मग?

जमुना – मंग काय?

प्रणाली – मग कागदानं जे लिहिलं नाही, ते रस्त्यावरच्या सगळ्यांनी तिथल्या तिथे ओळखलं होतं. ऊन लागलंय. म्हणून तर कांदा फोडला. अनुप सांगेल, पदर धरणाऱ्या बाया सांगतील. तुम्ही हे वर्षभर पोटात ठेवून बसलात!

जमुना – म्हंजे कांदा चोळला थे बरोबर होतं?

प्रणाली – खोटं नाही सांगणार. कांद्यानं माणूस वाचत नाही, दवाखान्यातच न्यायला पाहिजे. पण गाडी नव्हती. पाणी होतं ते चहासारखं तापलेलं. झाडं तोडलेली. तुमच्या हाताशी कांदाच होता, आणि तुम्ही त्यांना सोडून उठला नाहीत.

जमुना – नाई उठली.

प्रणाली – रडा काकू. मी थांबते.

जमुना – सपनात थे पाय पान्यात सोडतेत ना, मले वाटे, माह्या कांद्याचा वास धुऊन राहिले. म्हनून जाची लाज वाटे मले त्यायच्याजवळ.

प्रणाली – आणि आता?

जमुना – आता वाटते, तापलेले पाय होते, थंड करून राहिले असतीन. दुसरं काय. लिही तू. कांदा लिही, पदर लिही, सारं लिही.

प्रणाली – लिहिते. शेवटी मागणी लागते. कोर्टाकडं काय मागायचं?

जमुना – बारा ते चार काम बंद. प्यायले थंड पानी. अन् जेथले निंब तोडले, तेथी निंब.

प्रणाली – झालं. इथं अंगठा द्या.

जमुना – सही येते मले. थांब पन. पडाच्या आधी थे बसले होते व. रोलरची सावली होती, इतुकशी. तेथी. मुकादम आला अन् म्हने, ऊठ रे किसन्या. उठले. नाई म्हनाची सवयच नोयती त्यायले.

प्रणाली – हे मागणीत कसं लिहू, काकू?

जमुना – सोपं हाये. सावलीत बसलेल्या मानसाले कोनी उठवू नये.