लुपेची पात

आमचं गाव नाशिककडचं, द्राक्षबागांचं. चौथीपर्यंत शिकले आणि मग आईबरोबर खुरपायला जायला लागले. काय सांगू ताई तुम्हाला, मला बोलायला येत नाही, हात तेवढे चालतात. खुरपायला प्रत्येकीची एक ओळ असायची, तिला आम्ही पात म्हणायचो. एखादी आजारी पडली, बाळंत झाली, तर तिची पात बाकीच्यांनी मिळून धरायची, शेवटचं हातभर रान मात्र ठेवायचं, ते ती आल्यावर तीच काढणार. म्हणजे तिची जागा तिचीच.

मुलगा मिलिंद इथे अमेरिकेत, अल्फारेटाला कॉम्प्युटरच्या कामावर. त्याचे वडील गेल्यावर त्याने माझं ग्रीन कार्ड केलं, म्हणजे इथे राहायचा, काम करायचा कागद, आणि मला आणलं. घरात मला काम नाही, नातू म्हणतो, आजी, रिलॅक्स. मागच्या उन्हाळ्यात सगळे एका मळ्यावर ब्लूबेरी तोडायला गेलो, पैसे द्यायचे आणि तोडायचंही आपणच, मला हसूच आलं. तिथे लुपे भेटली, मेक्सिकोची, मळ्यावर मजूर. कंबरेला बादली बांधून दोन्ही हातांनी तोडायची. तिने माझी बोटं धरून उलटीसुलटी करून पाहिली आणि हसली, ओळखलंच तिने. मला आबुएला म्हणायची, म्हणजे आजी. मग आम्ही परत परत गेलो. मी तिला पोळीभाजी द्यायची, ती मला तिची मक्याची भाकरी द्यायची, वर हिरवी मिरची, आणि माझ्या डोळ्यांत पाणी येतं का बघत बसायची.

या उन्हाळ्यात गेलो तर मळ्यात माणूस नाही. बिनकागदाच्या लोकांची धरपकड चालू आहे म्हणून मजूर येत नव्हते. लुपेकडेही कागद नाही, इतकी वर्षं इथे राबून नाही. झाडांखाली फळांचा सडा. म्हातारा मालक मिलिंदला म्हणाला, सरकारने या लोकांना कायद्याने काम करू द्यावं, नाहीतर मी बाग उपटून टाकतो. मिलिंद म्हणाला, खरंय, रिफॉर्म व्हायलाच पाहिजे. मी म्हटलं, मी तोडते. तो म्हणाला, आई प्लीज, महाराष्ट्र मंडळातलं कोणी बघितलं तर म्हणतील याने आईला मजुरीला लावलं. मी म्हटलं, मग कार्ड काय भिंतीला लावायला काढलंस.

सुट्टीच्या दिवशी तो मला मळ्यावर सोडायचा. मी लुपेचीच ओळ धरली, तिचीच बादली बांधली. मला वाटलं, मी तिची जागा राखतेय.

एका शनिवारी ती आली. फाटकात मालकाशी बोलली, लांबून माझ्याकडे पाहिलं, मग बादलीकडे पाहिलं. मी हात केला, ये ये म्हटलं, ओळीतून बाजूला झाले. ती आली नाही, गाडीत बसून गेली. मिलिंदने मालकाला विचारलं आणि मला सांगितलं, आई, ते म्हणतात आता कागदवाली बाई मिळालीय, अशाच आणखी शोधतो, हिला ठेवून मी कशाला भीती बाळगू. इथे पात वगैरे नसते आई, तू उभी राहिलीस म्हणजे जागा भरली.

मी बादली सोडून मालकापुढे ठेवली. मी सोडते म्हटलं, तर मालक म्हणाला, तुम्ही सोडलं तरी तिला बोलावणार नाही. मी या कार्डासाठी काय केलं सांगा, मुलगा इथला झाला एवढंच. तिने वाकून वाकून उमर काढली, तिला नाही.

अजून जाते मी, फळ सडताना बघवत नाही. तिच्या ओळीचं शेवटचं झुडूप तसंच ठेवते, पाखरं खातात. तो कायदा लवकर होवो, तिला कागद मिळो, आणि तिने येऊन मला म्हणावं, सरक आबुएला, ही माझी ओळ आहे.