मथुराबाईचं मैदान

…आन् वरतून सांगतात काय, तर सोयीसाठी केलं! कोनाची सोय? तुमाले सांगतो, या शहरात डोक्याले पुसतील, पोटाले पुसतील, पन पायाले कोन पुसते?

आमच्या शेजारची मथुराबाईच घ्या. सारा जलम वांकिडीकडं वांग्या-मिरच्यांच्या वाडीत गेला. मालक वारले, तसं तिच्या पोरानं, माणिकरावानं, तिले आदिलाबादले आनलं. त्याच दसऱ्याले जिल्ह्याचे चार तुकडे झाले. म्हंजे बाई अजून गाठोडं सोडून राह्यली, आन् तिकडं तिचं गाव दुसऱ्या जिल्ह्यात! घरात फरशी, जिन्याले फरशी, गल्लीत सिमेंट… गुडघे असे धरले का भिंतीले हात लावल्याबिगर उठनं नाही. डाक्टर म्हणे, चाला. अरे, पन कशावर? पायाले कोन पुसते?

मंग तिले घरामांगचं मैदान सापडलं. तिथली कचेरी नव्या जिल्ह्यात गेलती, जागा पडून होती. काळी माती, मधात हरळी. सकाळी बाई चपला हातात घेऊन निघे. दवानं तळपाय थंडगार होत, भुसभुशीत मातीत टाच रुते, बारीक खडे टोचत, आन् बाई एकटीच हासे! तिचं पाहून किरानावाल्याची सोजरबाई येऊ लागली. वांग्यावरच्या किडीपासून सुनेच्या तोंडापर्यंत दोघींच्या गोष्टी चालत. पावसाळा सरता सरता मथुराबाई कठडा न धरता जिना उतरू लागली, सांगा आता!

पन माणिकरावाचं मोबाइलचं दुकान. गिऱ्हाईक म्हणे, तुमची माय अनवाणी चिखलात काऊन हिंडते? झालं! मायले एका शब्दानं न इचारता हा वार्डाच्या मेंबरकडं खेटे घालत बसला. एका सकाळी मैदानात जेसीबी. त्यांचा इंजिनेर म्हणे, "अम्मा, मट्टी में मत चलो, ट्रैक बन रहा है." माती उकरून नेली, मुरूम दाबला, वरून लाल-पिवळे सिमेंटचे ठोकळे. हरळीच्या जागी प्लास्टिकचं गवत! वर तेलुगूत पाटी. सोजरबाईनं वाचून सांगतली, गवतावर चालू नये. प्लास्टिकच्या, बरं का! ते वाचून सोजरबाई जी घरी गेली ती परत आलीच नाही.

फीत कापाले मथुराबाईलेच नेलं. तवा तिले कळलं, हे सारं कोनी केलं ते.

"आई, तुह्यासाठीच केलं," माणिकराव म्हणे. डोळ्यात पानी होतं त्याच्या. आता अशा पोराले काय म्हनावं? रागावता येत नाही, रडता येत नाही.

"चांगलं झालं बापा," ती म्हणे, आन् लोकांदेखत एक फेरी मारली. दुसऱ्या दिवशी गुडघा असा सुजला का पलंगावरून पाय खाली ठेवता येईना. पायाले कोन पुसते?

सूज उतरल्यावर ती हळूच म्हणे, "काही दिवस गावाले जाऊन येतो."

पोरगं खूश. "जाय ना. तिथंबी आंगनात फरशी टाकून घेतली म्या. वाडीपर्यंत सिमेंटचा रस्ता झाला. तुले आता चिखलात पाय ठेवाच लागत नाही."

बाईनं बांधाले काढलेलं गाठोडं परत कोपऱ्यात सारलं. मंग म्हणे, "राहू दे. इथंच बरं हाय."

आता माणिकराव दुकानात येईल त्याले कौतुकानं सांगते… आईले शहर असं मानवलं, का गावाचं नावबी काढत नाही.