तांब्याच्या पत्र्यावरची उलटी अक्षरं

नाव: सगळे झेरॉक्सवहिनी म्हणतात, पूर्ण नाव रजिस्टरला दिलं आहे. वय ४९ वर्षे. धंदा: झेरॉक्स व प्रिंटिंगचं दुकान. राहणार: दुकानाच्या मागच्या दोन खोल्या.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी पतींसह राहते. पती पूर्वी घरीच सर्किटचे बोर्ड बनवून देत असत. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात कामातून गेला व बोलणं सावकाश झालं. तेव्हापासून दुकान मी एकटी बघते.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास चालू प्रिंटरमध्ये कागद अडकला, म्हणून टेबलाखालचा जुना लेझर प्रिंटर काढायला मी वाकले. वरचं कापड उचललं तर खाली प्रिंटर नव्हता, त्याच मापाचं पुठ्ठ्याचं खोकं होतं. शटरचं कुलूप शाबूत होतं, बाकी काडी हलली नव्हती. चोरी कधी झाली हे मला सांगता येत नाही. कापडावर मी रोज फडका मारत होते, म्हणजे किती दिवस खोकंच पुसत होते देव जाणे.

त्याच्या आदल्या आठवड्यात याच ठाण्याचे हवालदार खोट्या दाखल्यांबद्दल सगळ्या दुकानदारांना बजावून गेले होते. आपल्या प्रिंटरवर कोणी दाखले छापले तर मी फुकट अडकेन, या भीतीने मी अकरा वाजता येऊन तक्रार दिली. पतींना काही सांगितलं नाही, त्यांना उगाच ताप नको म्हणून.

मंगळवारी भंगारवाल्याकडे प्रिंटरचं कापलेलं झाकण मिळालं. त्यावर माझ्या दुकानाचं स्टिकर होतं, आणि ते कोणी आणून टाकलं हे भंगारवाल्याने सांगितलं. त्यावरून पोलीस रात्री आठला माझ्या धाकट्या दिरांच्या घरी गेले. दीर लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात व दोन गल्ल्या सोडून एकटे राहतात. तिथे प्रिंटर, टबात तपकिरी पाणी, रबरी हातमोजे व पंजाएवढा तांब्याचा पत्रा मिळाला. पत्र्यावर उलटी अक्षरं उठलेली होती. उलटी अक्षरं म्हणजे शिक्का, आणि शिक्का म्हणजे खोटे दाखले, असं साहेबांचं म्हणणं पडलं. दीर म्हणाले, "मीच चोरला. माझ्या एकट्याचं काम." तेव्हापासून ते आत आहेत.

हे ऐकून माझं डोकं चालेना. भावोजींनी मागितला असता तर मी रिक्षात घालून पोचवला असता. दुसऱ्याचं पेनसुद्धा चुकून खिशात न घालणारा माणूस चोरी कशाला करेल, आणि केली तर लगेच कबूल कशाला करेल? रात्रभर मी हाच विचार करत होते. फिर्यादी मी, आरोपी घरचा, मुद्देमालही घरचाच. हवालदार म्हणाले, "वहिनी, मुद्द्याचं सांगा." माझ्या मते हाच मुद्दा आहे.

आज सकाळी मला प्रिंटर ओळखायला बोलावलं. तो माझाच आहे, पण त्याला आता प्रिंटर म्हणावं का ते कळत नाही. मागची बाजू करवतीने कापून कडा घासून गुळगुळीत केल्या आहेत. कागद आला की नाही हे बघणाऱ्या खिट्टीला वायर लावून बाहेर बटण काढलं आहे. काढलेले स्क्रू एका चिकटपट्टीवर ओळीने लावून खाली आकडे घातले आहेत. आकडे वेडेवाकडे, डाव्या हाताचे होते. भावोजी उजव्या हाताने लिहितात. पती रोज चार ते सहा काठी घेऊन भावोजींकडे जातात. मला वाटायचं, पत्ते खेळतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी माझी गत झाली.

मी तडक घरी गेले. पती खाटेवर बसले होते. आमचं बोलणं असं झालं:

"प्रिंटर तुम्ही नेलात?"

"नेला नाही. न्यायला लावला. तो... आपला..."

"आपला भाऊ कोठडीत आहे, माहीत आहे ना?"

"आपलाच प्रिंटर... म्हणत होतो. कोठडीत? कोण?"

त्यांना काहीच माहीत नव्हतं. ते काठी न घेताच उठायला लागले. मी त्यांना धरून बसवलं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू... नाही म्हणाली असतीस."

हे खरं आहे. बोर्ड बनवताना नक्षी आधी गुळगुळीत कागदावर छापायची आणि तो कागद तांब्याच्या पत्र्यावर पालथा घालून कडक इस्त्री फिरवायची, अशी त्यांची पद्धत. गेल्या वर्षी त्यांच्या बधिर हातावर इस्त्री राहिली. त्यांना कळलं नाही, मला वासाने कळलं. त्या दिवशी इस्त्रीला पुन्हा हात लावणार नाही अशी शपथ मी त्यांना घातली आणि तांब्याचे पत्रे वाटून टाकले. त्यांनी शपथ मोडलेली नाही. आता पत्राच प्रिंटरमधून काढायचा. पत्रा वाकत नाही, म्हणून मागून सरळ वाट कापली. प्रिंटरला कागद आल्यासारखं वाटावं म्हणून बटण. शाई आतच वितळून तांब्यावर बसते, मग उघडं राहिलेलं तांबं टबातलं रसायनाचं पाणी खातं. भावोजींनी उचलणं आणि कापणं केलं, बाकी यांनी. मला सांगायचं नाही, असं वचन यांनी भावोजींकडून घेतलं होतं.

अक्षरं उलटी का, हेही विचारलं. कागद पालथा पडतो म्हणून नक्षी उलटी छापायची, ही तीस वर्षांची सवय. पत्रा थेट छापताना ती सरळच हवी. सवयीने पहिल्या वेळी उलटीच गेली. बोर्ड वाया गेला. दुसरा सरळ आला, तो घरी आहे, हवा तर आणून देते.

ठाण्यात परत येऊन मी पर्समधला आरसा पत्र्यापुढे धरला. साहेबांनी वाचलं, "बोर्ड क्रमांक १." त्यांनी विचारलं, "एवढंच?" मी म्हटलं, एवढंच. पतींच्या वहीत शेवटचा बोर्ड सहाशे अकरावा आहे. हा पहिला कसा, हे मला आधी समजलं नाही. मग समजलं, डाव्या हाताचा पहिला, आणि मी इथेच रडले. हे लिहू नका म्हटलं होतं, लिहिलंच आहे तर राहू द्या.

माझी दिरांविरुद्ध तक्रार नाही. त्यांना आजच सोडावं. साहेब म्हणतात, त्यासाठी पतींचा जबाब लागेल. ते संध्याकाळी पाच वाजता स्वतः येतील. त्यांना बसायला खुर्ची द्यावी व बोलायला वेळ द्यावा. मी दारापर्यंत सोडीन, आत येणार नाही. मी शेजारी असले की त्यांची वाक्यं मीच पुरी करते, आणि बहुतेक चुकीची करते.

माझं म्हणणं हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी सांगितलं तसंच ते उतरलं आहे, म्हणून खाली सही करते.