मुद्दा नको, आतडं सांगा

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. दुःख माणसाच्या अंगात नेमकं राहतं कुठं?

डॉक्टर छातीचा फोटो काढतात, पोटाचा काढतात. त्यात खडे दिसतात. दुःख दिसत नाही! मग भाषांना विचारावं. हिंदीवाल्याला दुःख झालं की त्याचं कलेजं तोंडाशी येतं. इंग्रजाचं हृदय फुटतं. त्याच इंग्रजाला धाकधूक झाली, की पोटात फुलपाखरं उडतात म्हणे. आपल्या पोटात कावळे ओरडतात — पण ते भूक लागल्यावर. आणि आपला राग? तळपायातून निघतो तो थेट मस्तकात! मधे कुठं थांबा नाही.

मग एवढी धावपळ कशाला? 'वाईट वाटलं' म्हणावं आणि मोकळं व्हावं. भागत नाही का? पेटी जरा हळू घ्या मास्तर, सांगतो.

कृष्णाकाठी, पार कानडी मुलखाच्या हद्दीवर एक गाव. तिथं गंगव्वा नावाची बाई. मराठीचा एक शब्द येत नाही. तिचा मुलगा फौजेत. पलटणीतल्या एका मराठी गड्याच्या ओळखीनं सोयरीक जुळली, आणि नदीच्या वरच्या अंगाला, मराठी मुलखात राहणाऱ्या दौलू चौगुल्याची लेक हौसा या घरात सून म्हणून आली. आली, रमली, भाषा शिकली, आणि तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी! दौलू बैलगाडी घेऊन लेकीला न्यायला हजर. त्याला कानडी येत नाही.

आता बोलणार कसं? हौसाला दोन्ही भाषा येतात, पण सुनेनं आपल्याच पाठवणीत तोंड घालायचं नाही, असा रिवाज. म्हणून गुंडोपंतांना बोलावलं. गुंडोपंत म्हणजे कोर्टातले दुभाषे. आयुष्य तिथंच गेलं. साक्षीदार बाई रडत रडत तासभर बोलली, की गुंडोपंत साहेबाला सांगायचे, "बाई नाही म्हणते." साहेब खूश! असा माणूस मधे बसला.

दौलू म्हणाला, "बाई, हिची आई लहानपणीच गेली. मीच आई झालो, मीच बाप. सासरी धाडली तवापासून माझा जीव टांगणीला लागलाय. घास उतरत न्हाई. एवढं बाळंतपण माझ्या डोळ्यासमोर होऊ द्या."

गुंडोपंतांनी कानडीत सांगितलं, "मुलगी मागतात. कारण, रिवाज."

झालं! गंगव्वाचे डोळे भरले. ती बोलायला लागली ती थांबेना. तिची स्वतःची लेक शिवक्का. अशीच पहिलटकरीण, अशीच बैलगाडीतून माहेरी यायला निघाली, आणि वाटेतच गेली. माहेरच्या दारात गाडी आली, ती प्रेत घेऊन! "आज तुमच्या गाडीची चाकं वाजली," गंगव्वा तिच्या कानडी बोलीत म्हणाली, "आणि माझं आतडं चर्र झालं. छाती धडधडायला लागली. ही पण माझीच लेक आहे. कशी घालू त्या वाटेवर?"

दौलू गुंडोपंतांच्या तोंडाकडं बघतोय. गुंडोपंतांनी घसा साफ केला.

"नकार. कारण, रस्ता."

हसू नका मंडळी! दौलू उठून उभा राहिला. "रस्ता? रस्त्यात खड्डे म्हणून पोरीला अडवता? दगड हाय का काळजाच्या जागी? चल हौसा! आत्ता निघायचं. आन् पुन्हा या घरात पाऊल टाकायचं न्हाई!"

"पाहुणे नाराज आहेत," गुंडोपंतांनी कळवलं.

गंगव्वा दारात आडवी उभी राहिली. आत हौसा पोटावर हात धरून उभी. निघावं, तर आईसारखी सासू कायमची तुटते. थांबावं, तर बाप तोंड बघणार नाही. आणि दोघांचंही खरं बोलणं घरात एकटीला कळतंय! काय झालं असेल त्या पोरीचं? तिनं रिवाज गुंडाळून ठेवला, पदर सावरला आणि बाहेर आली.

"काका, तुम्ही कुणाचंच काही सांगितलं नाही."

"मुद्दा सांगितला की, बाळ."

"मुद्दा नको. आतडं सांगा!"

गुंडोपंत बावरले. असलं कधी तोंडातून काढलं नव्हतं. पंचनामा वाचावा तसं सावकाश म्हणाले, "दौलोबा... बाईंचं म्हणणं असं, की तुमच्या गाडीची चाकं वाजली... आणि त्यांचं आतडं... चर्र झालं." मग शिवक्काचं सांगायला लागले. माहेरच्या दारातल्या गाडीपर्यंत आले, आणि पुढं आवाजच फुटेना. कोर्टात कधी असं झालं नव्हतं हो!

दौलूनं गंगव्वापुढं हात जोडले. "अरारा... मी या माउलीला दगड म्हणालो."

गुंडोपंतांनी डोळे पुसले, आणि दौलूचंही सगळं गंगव्वाला सांगितलं. टांगलेला जीव, घशात अडकलेला घास, काही गाळलं नाही.

गंगव्वा दारातून बाजूला झाली. आत गेली, आपलं लुगडं गाठोड्यात बांधलं, आणि गाडीत जाऊन बसली. गुंडोपंतांना म्हणाली, "सांगा त्यांना. मी पण येते. वाटभर पोरीचा हात माझ्या हातात राहील."

सून माहेरी, आणि सासूही माहेरी! मागं बसलेल्या काही सुनांचं आतडं आत्ता चर्र झालं असेल. असू द्या. ती वाट नीट पार पडली, बाळंतपण सुखरूप झालं.

आता तुमच्याकडं येतो. 'आमच्या घरात सगळे मराठीच, दुभाषा नाही', असं म्हणता ना? लेकाचा लांबून फोन येतो. "बरं आहे ना?" "बरं आहे." "ठेवू?" "ठेव." काय झालं हे? या टोकाला गुंडोपंत, त्या टोकाला गुंडोपंत — बाप-लेक बोललेच नाहीत! आणि फोन ठेवल्यावर आतून म्हातारी विचारते, "आणखी काय म्हणाला?"

सांगा मंडळी, काय सांगायचं तिला?

हरीचं नाव घ्या, आणि प्रसादाच्या रांगेत लागायच्या आधी घरी फोन लावा.