पिल्लाचा भात

“कुत्र्याच्या पिल्लाले काय चाराचं, हे साऱ्या जिल्ह्यात मलेच समजते!” डोमाच्या पिशवीतलं पिल्लू पाहून तेजरामनं लाखांदूरच्या एसटीच्या रांगेत जाहीर केलं.

“तुमच्याकडं किती कुत्रे आहेत, भाऊ?”

“एकही नाही. बायको ठेवू देत नाही. पण त्याले बिनमिठाचा नरम भात चारा.”

“चिवडा चालते का?”

“धान पिकवता अन् पिल्लाले चिवडा?”

“बायको पंचफुला वारल्यापासून मीबी तोच खातो.”

“मंग पिल्लू कायले आणलं?”

“मी नाही आणलं. तिनंच शेजारणीले सांगून ठेवलं होतं, मी गेल्यावर ह्यायले पिल्लू आणून द्या. त्याच्यासाठी तरी चूल पेटवतील.”

“पेटवली का?”

“पेटवली. भातात पाणी किती टाकाचं, भाऊ?”

तेजराम मागच्या बाईकडं वळला.

“बाई, जरा सांगता का ह्यायले?”