जप्तीच्या घरातले देव

मंडळी, जरा पुढे सरका. मागचे खांबाला टेकलेले, तुम्हीपण. खांब आपला आपण उभा राहतो, त्याला तुमच्या पाठीची गरज नाही. हं, बसा.

आज दुपारी पंगतीत माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. भात कालवता कालवता मला विचारतात, "महाराज, आपल्यासारख्या लहान गावात भाड्यानं राहावं, की घर विकत घ्यावं?" आता मला विचारून काय उपयोग? मी वर्षातले दोनशे दिवस दुसऱ्याच्या घरी झोपतो! उरलेले दिवस स्वतःच्या घरी झोपलो, तर बायको विचारते, पुढचा सप्ताह कधी आहे?

हसा, हसा. पण प्रश्न खरा आहे. आयुष्यभराची पुंजी एकदाच खर्च होते, परत गोळा करायला वय उरत नाही. तुम्हाला वाटलं असेल, महाराज आता म्हणणार — देह हेच भाड्याचं घर, खरा मालक वर बसलाय! नाही म्हणणार. ते ऐकून तुम्ही माना डोलावता, आणि घरी जाऊन भाडेकरूचं नळाचं पाणी दहा मिनिटं आधी बंद करता. मी आपली एक गोष्ट सांगतो.

तालुक्याचं एक गाव. नाव सांगत नाही. सांगितलं की तुमच्यातला कुणीतरी कीर्तन सोडून तिथल्या पाहुण्यांना फोन लावेल. त्या गावच्या कोर्टात तुळशीराम ढवण नावाचे बेलिफ होते. बेलिफ म्हणजे काय, माहीत आहे ना? कोर्टाचा हुकूम घेऊन दारात येणारा माणूस. घर जप्त करायचं, सामान बाहेर काढायचं, यादी करायची, दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या, आणि कुलूप लावून सील ठोकायचं. माणूस वाईट नव्हता बरं का. नोकरीच तसली!

या तुळशीरामांची एक रीत होती. जप्तीला गेले, की चपला बाहेर काढायचे आणि घरच्या बाईला सांगायचे, आधी देव उचला, देव बाहेर निघाल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही. पंच कुरकुरायचे, उन्हात उभं राहावं लागतं म्हणून. तुळशीराम ऐकायचे नाहीत. तेवढ्या एका गोष्टीवर त्यांना रात्री जेवण जायचं.

आणि असा हा दुसऱ्यांची घरं रिकामी करणारा माणूस स्वतः राहत होता भाड्यानं! चिंधूअण्णा शिंप्यांच्या माडीवर, दोन खोल्या, सतरा वर्षं. चिंधूअण्णा मालक म्हणून भले. पण मालक तो मालक. खाली त्यांची झोप मोडते म्हणून कौसल्याबाईंनी, म्हणजे तुळशीरामांच्या बायकोनं, सकाळी सातच्या आत मिक्सर लावायचा नाही. चारापेक्षा जास्त पाहुणे आले, की अण्णा जिन्याखालून खाकरायचे. बाईंनी सतरा वर्षं सोसलं. मग निवृत्तीला एक वर्ष उरलं, तेव्हा त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, आता माझ्या सोसण्यावर राहू नका. म्हातारपणी कुणाच्या खाकरण्यावर उठबस करायची नाही मला."

झाली सुरुवात! घरं बघणं चालू. नवीन वसाहतीत जागा होती, पण पाणी टँकरचं. बाजारात घर होतं, पण भाव असा, की निवृत्तीनंतर घर खायचं का बसून? सहा महिने फिरले. शेवटी एका एजंटानं पाण्याच्या टाकीजवळचं एक घर सुचवलं. तीन खोल्या, मागे लिंबाचं झाड, पुढच्या खोलीला रस्त्याकडून वेगळं दार, आणि किंमत बाजारभावापेक्षा तिसऱ्या हिश्शानं कमी. का कमी? तर जप्तीचं घर. सहा वर्षांपूर्वी लिलावात गेलेलं. बाहेरगावच्या व्यापाऱ्यानं घेतलं आणि कुलूप लावून ठेवलं, कारण त्या घरात भाड्यानं यायलासुद्धा कुणी तयार होईना. आपल्याकडे जप्तीच्या घराला लोक जवळ करत नाहीत. माणसाला तर त्याहून नाही.

तुळशीराम दारापाशी गेले आणि थबकले. का थबकले, सांगा बरं? बरोबर! ते घर त्यांनीच जप्त केलं होतं.

घर होतं रंगनाथ भावसारांचं. सायकलचं दुकान. मेहुण्याच्या कर्जाला जामीन राहिले, मेहुणा गाव सोडून गेला, आणि हुकूम यांच्या दारात. त्या दिवशी तुळशीराम रीतीप्रमाणे म्हणाले, वहिनी, आधी देव उचला. रंगनाथची बायको शेवंताबाई म्हणाली, सामान काढा रस्त्यावर, पण देव मी रस्त्यावर ठेवणार नाही. भाड्याची खोली बघून येते, मग देव नेते, तोवर थांबा. तुळशीराम थांबले. भांडी निघाली, गाद्या निघाल्या, लिंबाखालचा दगडसुद्धा निघाला. देवळीत देव तसेच. बाई काही परत येईना. पाच वाजले, पंच घाईला आले, कोर्टात अहवाल द्यायचा होता. तुळशीरामांनी यादी लिहिली. त्या यादीत प्रत्येक वस्तूपुढे अंदाजे किंमत लिहावी लागते. देवापुढे काय किंमत लिहू? म्हणून देव लिहिलेच नाहीत. कागदावर घर रिकामं झालं, आणि देव आत राहून कुलूप लागलं.

जन्मभर पाळलेली रीत त्या दिवशी मोडली. त्यांनी मनाला काय समजावलं असेल? आपण समजावतो तेच! बाईच विसरली, माझा काय दोष?

आता सहा वर्षांनी एजंटानं कुलूप काढलं. कौसल्याबाई आत गेल्या, आणि हाक मारली, अहो, इकडे या. देवळीत धुळीनं माखलेले देव. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, खंडोबाचा टाक. बाईंनी पदरानं एकेक पुसला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "घर रिकामं नाही हो. आपली वाट बघत देव बसलेत. हेच घ्यायचं."

तुळशीराम हो म्हणाले. कायद्यानं अडचण नव्हती, लिलावात कोर्टाच्या माणसाला बोली लावता येत नाही, पण आता विकणारा व्यापारी होता. इसार द्यायचा दिवस ठरला. बाई रोज सकाळी जाऊन देवांना फूल वाहून यायच्या, आणि हा माणूस दिवसेंदिवस वाळायला लागला. शेवटी इसाराच्या आदल्या दिवशी दुपारी जेवताना घास खाली ठेवला आणि बायकोला सगळं सांगून टाकलं.

बाई रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. म्हणाल्या, ती बाई राहते कुठे? आता बेलिफाला गावातला पत्ता माहीत नाही असं होईल? तेलघाण्यामागे, पत्र्याच्या खोलीत. मग ते दोघं व्यापाऱ्याला विचारून देव घेऊन निघाले. नव्या कापडात बांधले, वर फूल ठेवलं. कौसल्याबाईंच्या मनात काय होतं? आपण पुण्य करतोय! देव परत करायचे, चार शब्द गोड बोलायचे, आणि उद्या मोकळ्या मनानं इसार द्यायचा.

शेवंताबाईंनी दार उघडलं. गाठोडं घेतलं, सोडलं, देव ओळखले. कपाळाला लावले. तुळशीराम म्हणाले, "वहिनी, मी पाचपर्यंत थांबलो होतो. तुम्ही आला नाहीत."

"येणार कुठून, भाऊ? खोलीच मिळाली नाही. अकरा घरं फिरले. जप्तीवाले म्हटल्यावर दार लोटून घ्यायचे. शेवटी अंधार पडल्यावर माहेरच्या गाडीत बसलो. ही पत्र्याची खोली पुढे वर्षानं मिळाली, तोवर घराला व्यापाऱ्याचं कुलूप." मग त्या कौसल्याबाईंकडे वळल्या. आवाजात राग नव्हता. "बाई, मी तुम्हाला ओळखते. अकरावं घर चिंधूअण्णांचं. तुमच्या शेजारची खोली रिकामी होती. अण्णा द्यायला तयार होते. म्हणाले, वरच्या बाईंना एकदा विचारतो. मी जिन्यात उभी होते. तुम्ही वरूनच म्हणालात, जप्तीवाल्यांची ब्याद माझ्या शेजारी नको."

मंडळी! नवरा एका दारात पाचपर्यंत देवांसाठी थांबलाय, आणि दुसऱ्या दारात बायको त्याच देवांची जागा बंद करतेय. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. आणि ती बाई कोण? मालकीण? नाही हो, भाडेकरूच! मालक खाकरतो म्हणून सतरा वर्षं रडणारी. एकदाच तिला विचारलं गेलं, कुणाला आत घ्यायचं. एकदाच तिच्या हातात ते आलं, आणि तिनं काय केलं?

कौसल्याबाई तिथेच खाली बसल्या. म्हणाल्या, माझ्या लक्षातसुद्धा नव्हतं. खरंच नव्हतं. ज्यानं दार लावलं त्याच्या लक्षात राहत नाही. ज्याच्या तोंडावर लागलं, त्याला सहा वर्षांनी शब्दन्‌शब्द पाठ असतो.

दुसऱ्या दिवशी इसार दिला. हो, दिला! घर घेतलं. तुम्हाला वाटलं, पश्चात्तापानं घर सोडलं असेल? मग म्हातारपणी जायचं कुठे? बाईंनी पुढची वेगळ्या दाराची खोली शेवंताबाईंना देऊ केली, भाडं नको म्हणाल्या. शेवंताबाईंनी निरोप पाठवला, माझ्याच घरात दुसऱ्याच्या मेहेरबानीनं राहायला मला बोलावू नका, मी आहे तिथे बरी आहे. बाईंना ते लागलं. लागायलाच हवं होतं. प्रत्येक चूक भरून निघते असं कीर्तनात सांगतात, मी सांगत नाही. काही तशाच राहतात.

पण ती खोली कौसल्याबाईंनी कधी रिकामी ठेवली नाही. घटस्फोट झालेली शिवणकाम करणारी मुलगी राहिली, मग गुजराण करायला आलेलं एक मुसलमान कुटुंब राहिलं, मग तुरुंगातून सुटून आलेला एक सुतार राहिला. शेजारी विचारायचे, कोण आहेत, कुठले आहेत? बाई सांगायच्या, माझे भाडेकरू आहेत. त्या स्वतः येणाऱ्याला एकच विचारायच्या, सामान किती आहे.

तर भाड्यानं राहावं की विकत घ्यावं? अहो, झेपत असेल तर घ्या, नसेल झेपत तर भाड्यानं राहा. त्यात ना पाप ना पुण्य. पण किल्ली हातात आली, की दारात उभ्या असलेल्याशी आपण कसे वागतो, हे बघा. हिशेब तिथे होतो.

आता एक शेवटचं, मग आरती. आज सकाळी माझा रक्तदाब तपासायला तुमच्या आरोग्य केंद्रातल्या नव्या नर्सबाई आल्या होत्या. मी सहज विचारलं, कुठे राहता? म्हणाल्या, तालुक्याला, रोज एसटीनं येते. गावात खोली का नाही घेतली? तर म्हणाल्या, सात घरं बघितली, महाराज. लग्न का झालं नाही, आडनाव काय, घरात काय शिजवणार, एवढं विचारून झाल्यावर सगळीकडे खोलीत धान्य ठेवायचंय असं कळलं. तक्रारीचा सूर नव्हता. मी विचारलं म्हणून सांगितलं.

कीर्तनाला थांबा म्हटलं, तर साडेपाचची शेवटची एसटी होती. म्हणून त्या इथे नाहीत. पण ती सातही घरं इथे बसलेली आहेत. मला नावं माहीत नाहीत आणि मी विचारलीही नाहीत. मान खाली घालू नका, टाळही उचलू नका अजून.

उद्या सकाळी नऊच्या एसटीनं त्या येतील. मी स्टँडवर उभा असेन. माझ्याबरोबर खोलीची किल्ली घेऊन कोण येणार, तेवढं आत्ता सांगा. मी थांबतो. मला घाई नाही.